शास्त्र आणि श्रद्धा एका सतरंजीवर: वस्तीत संवादाची बैठक कशी चालवावी

पहिल्या बैठकीला 'देव आहे की नाही' हा विषय ठेवू नका. 'विज्ञान श्रेष्ठ की धर्म' हाही नको. अशा विषयांवर माणसं घरूनच उत्तर ठरवून येतात आणि तेच उत्तर घेऊन परत जातात. ज्याच्यासाठी हात ओले करावे लागतील, घड्याळ बघावं लागेल, घरातल्या कुणाची तरी गोष्ट सांगावी लागेल, असा विषय घ्या.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. सासर नाशिकच्या पंचवटीतलं, घरात एकादशी, चातुर्मास, सोवळं सगळं आहे. दिवसभर जंतूंचं काम करून संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मला कधी अडचण वाटली नाही. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या नदीचे नमुने आम्ही तपासायचो, तिच्याच काठावर संकल्प सांगणारे गुरुजी बसायचे, आणि आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हतो. आता गेली काही वर्षं महिन्यातून एकदा आमची बैठक बसते. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. सिंहस्थ तोंडावर आला आहे, त्यामुळे नाशिकमध्ये तरी अशा बैठका वस्तीवस्तीत सुरू व्हायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

माणसं कशी जमवायची

व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण टाकलं की तावातावाने भांडणारे आधी येतात. म्हणून घरोघर जा. चहा घ्या, दहा मिनिटं बसा, तुमच्या घरी असा काही प्रश्न पडलाय का, असं विचारा. भजनी मंडळातल्या दोघी, पौरोहित्य करणारे एक गुरुजी, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, दवाखान्यातली नर्स किंवा आशाताई, बुद्ध विहारात नियमित जाणारं कुणी, मशिदीतले मौलाना किंवा त्यांच्या विश्वासातलं कुणी, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा एखादा कार्यकर्ता आणि कॉलेजातली दोन-तीन मुलं. पंधरा-वीस माणसं पुष्कळ झाली. पन्नास जमली की ती सभा होते, आणि सभेत माणूस टाळ्यांसाठी बोलतो.

जागेचा विचार नीट करा. आम्हाला देवळाचा सभामंडप फुकट मिळत होता, तरी घेतला नाही. काही बायका पाळीच्या दिवसांत देवळात पाऊल ठेवत नाहीत. त्या बरोबर की चूक, हा पुढच्या एखाद्या बैठकीचा विषय होईल, पण पहिल्याच दिवशी त्यांना दाराबाहेर ठेवून चालणार नाही. दुसरं कारण पंचवटीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथल्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली. धर्म म्हटल्यावर इथल्या कित्येक घरांत आधी बंद दरवाजा आठवतो. ती माणसं बैठकीत नसतील तर 'धर्माची बाजू' म्हणून जे काही बोललं जाईल ते अर्धंच असेल. म्हणून शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा सोसायटीचा हॉल घ्या. सगळे खालीच बसा. खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना. व्यासपीठ नको, हार-तुरे नकोत.

वेळ ठरवताना बायकांना विचारा. सातला बैठक ठेवली तर स्वयंपाकघरातली एकही बाई येत नाही, आणि व्रतवैकल्यांची खरी माहिती तर तिच्याचकडे असते. आमच्याकडे शनिवारी दुपारी चारची वेळ जमली. रमजानमध्ये दुपारची बैठक घ्यायची तर चहा-फराळ काढायचाच नाही, सगळ्यांनीच. एरवी खायला ठेवलंच तर केळी, शेंगदाणे. उपास असो नसो, सगळ्यांना चालतात.

सुरुवात एका आकड्याने

नवी माणसं एकत्र बसली की पहिली पंधरा मिनिटं अवघडलेली जातात. त्यासाठी आमच्याकडे देवळालीच्या कापरेकर मास्तरांची देणगी आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळेत शिकवणारे गणिती. त्यांच्या नावाचा ६१७४ हा आकडा जगभर ओळखला जातो. प्रत्येकाला कागद-पेन्सिल द्या. मनात कुठलीही चार अंकी संख्या धरा, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता त्याचंही पुन्हा तसंच करून बघा, ६१७४च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथे पोचतात.

खोलीत प्रत्येकाची संख्या वेगळी आणि शेवट एकच, हे दिसल्यावर भजनी मंडळातल्या एका आजींनी चष्मा पुसून पुन्हा वेगळी संख्या घेतली, मग आणखी एक. त्यांना मी सांगितलं म्हणून ते खरं मानायचं नव्हतं. विज्ञानात कुणाच्या शब्दावर अडून बसत नाहीत, करून बघतात, हे मला भाषण देऊन सांगावं लागलं नाही. आणि त्याच आजींनी नंतर विचारलं, "पण हे असं का होतं?" शिक्षक म्हणाले, हिशेब करून दाखवता येतं, पण याच आकड्याचं नशीब असं का, ते मला सांगता यायचं नाही. शास्त्रवाल्याने पहिल्याच दिवशी आपली हद्द कुठे संपते ते सांगितलं, त्याचा फार उपयोग झाला.

नियम तीनच ठेवा, पण पाळा

पहिला नियम: बोलताना आपण काय सांगतोय ते आधी सांगायचं. 'हे मोजलेलं आहे', 'आमच्याकडे असं करतात', किंवा 'माझा असा विश्वास आहे'. तिन्ही बोलायला मुभा आहे, पण एक दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही. 'तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते' असं कुणी म्हणालं तर विचारायचं, हे मोजलेलं की ऐकलेलं? रात्री उजेड नसताना झाडात प्रकाशसंश्लेषण होत नाही, झाड श्वसन तेवढं करतं. तुळशीपुढे दिवा लावायला मात्र ऑक्सिजनचा आधार लागतच नाही. जी गोष्ट भक्तीने करतो ती भक्तीने करतो असंच सांगावं.

दुसरा नियम: समोरच्याला विरोध करण्याआधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं आपल्या शब्दांत मांडायचं. तो 'हो, हेच म्हणायचं होतं मला' म्हणाला की मगच पुढे. हा नियम लोकांना सगळ्यात जास्त जड जातो आणि बैठक यानेच टिकते.

तिसरा नियम: दोन वाक्यांना बंदी. एक, 'हा सगळा अडाणीपणा आहे'. दोन, 'हे सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं'. पहिल्याने समोरच्याची आई-आजी दुखावते. दुसऱ्याने ज्याने रात्रंदिवस खपून शोध लावला त्याचे कष्ट पुसले जातात, आणि ग्रंथाचाही मान राहत नाही. कारण मग ग्रंथ त्यात जे सांगितलंय त्यासाठी कुणी वाचतच नाही.

पाण्याची बैठक

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं आयुष्य यात गेलं.

आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेवर जाऊन येते, गंगेला पूर आलाय. तिथे अस्थी विसर्जन होतं, श्राद्ध होतं, लोक डोळे मिटून आचमन करतात. त्यांना 'पाणी घाण आहे' एवढंच सांगून पाठवलं तर ते फक्त दुखावतात. आम्ही असं केलं: बाजारात पाण्यातल्या मैल्याच्या जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या चाचणीची बाटली मिळते. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून हलवायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या: गोदावरीवरचं रामकुंड, गंगापूर धरणाच्या बाजूचं पाणी, माझ्या घरचा नळ, आणि एका सदस्याने काशीहून आणलेलं गंगाजल.

बाटल्या भरण्याआधी एक काम करा, नाहीतर सगळं वाया जातं. कुठला निकाल आला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते आधीच वहीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती याच रीतीने. हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या, नावं झाकलेली, ज्योतिष्यांनी कुठली कुणाची ते ओळखायचं. निकाल छापा-काटा करण्याहून बरा आला नाही. त्यातला निकाल ज्याला-त्याला जसा घ्यायचा तसा घेऊ द्या. घेण्यासारखी आहे ती रीत: कसोटी आधी ठरली, सगळ्यांसमोर ठरली.

एक धंद्यातली गोष्टही सांगून ठेवते. नदीचं उघडं पाणी, गुरं-ढोरं येतात तिथलं, बहुतेकदा काळं पडतंच. म्हणून 'काळी झाली' एवढ्यावर थांबू नका, किती तासांत झाली ते लिहा. आमच्या बाटल्यांत रामकुंडाची सगळ्यात आधी काळवंडली, दुसऱ्या दिवशी सकाळीच. नळाची तशीच स्वच्छ राहिली. ही चाचणी ढोबळ आहे. नेमका आकडा हवा तर प्रयोगशाळेतच जावं लागतं. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेली मर्यादा सगळ्यांना फळ्यावर लिहून द्या: बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, मैल्याचे जंतू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर जाऊ नयेत. काम झाल्यावर बाटल्यांत ब्लीचिंगचं पाणी घालून मगच त्या टाका.

गंगाजलवाल्या सदस्यांनी विचारलं, हे इतकी वर्षं खराब कसं होत नाही? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. १८९६ मध्ये हँकिन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं नोंदवलं होतं. पुढे जंतूंना खाणारे विषाणू सापडले आणि १९१७ मध्ये त्यांना 'बॅक्टेरियोफाज' नाव मिळालं. म्हणजे लोकांच्या अनुभवाची एका शास्त्रज्ञाने दखल घेतली होती. पण हे फाज जिथे जंतू तिथे सापडतात, अगदी गटारातही. त्यामुळे 'फाज आहेत म्हणून पाणी पिण्याजोगं' हा निष्कर्ष निघत नाही. हे दोन्ही भाग सांगायचे. अर्धं सांगितलं तर कुठल्यातरी एका बाजूची फसवणूक होते.

काळी बाटली हातात घेऊन गुरुजी बराच वेळ बसले. मग म्हणाले, तीर्थावर काय करू नये याची यादीच आमच्या ग्रंथांत आहे: मलमूत्र, निर्माल्य, अंगाचा मळ काढणं. "ती यादी आम्ही यजमानाला वाचून दाखवत नाही, संकल्प तेवढा सांगतो." पुढच्या महिन्यापासून संकल्पाआधी ते दोन वाक्यं बोलू लागले. निर्माल्य कलशातच टाका, आणि आचमनाला घरून आणलेलं पाणी घ्या. माझ्या कितीतरी अहवालांनी झालं नसतं इतकं काम त्या दोन वाक्यांनी केलं, कारण ती त्यांच्या तोंडून आली.

गणपतीच्या आधी मूर्तीची बैठक घ्या. ती सोपी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी मूर्ती बादलीत ठेवून पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं, ही पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढली. दोनेक दिवसांत मूर्ती विरते, खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. शेजारी शाडूची मूर्ती साध्या पाण्यात ठेवा. मुलांना बघू द्या.

ग्रहणाची बैठक, आणि २ ऑगस्ट २०२७

जाहीर झालेल्या तारखांनुसार सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान (मुख्य पर्वस्नान) २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवती अमावास्येला आहे. त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तानातून जातो. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. पावसाळा असल्याने ढग असतील, पण वेध किती वाजता, गरोदर सुनेने काय करायचं, हे प्रश्न ढगांमुळे थांबत नाहीत. लाखो माणसं त्या दिवशी गावात असतील. ही बैठक त्याच्या कितीतरी आधी घ्या.

इथे एक फार चांगली गोष्ट हाताशी आहे. ग्रहणाचा स्पर्श (लागणं) किती वाजता आणि मोक्ष (सुटणं) किती वाजता, यावर पंचांगकर्ते आणि खगोलशास्त्रज्ञ भांडत नाहीत. आकाशाचं गणित एकच आहे. स्वातंत्र्यानंतर देशातल्या वेगवेगळ्या पंचांगांचा मेळ घालायला मेघनाद साहा या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सिंहस्थाचंही तसंच. गुरू सूर्याभोवती ११.८६ वर्षांत फिरतो, म्हणून तो सिंह राशीत साधारण बारा वर्षांनी परततो. सात फेऱ्यांना ८३ वर्षं लागतात, ८४ नाही, त्यामुळे क्वचित अकराव्या वर्षीही येतो. साध्या दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवा. साधूंनाही दाखवा. मौलानांना बोलावून रमजानचा चंद्र कसा बघतात ते समजून घ्या: अमावास्येनंतर किती तासांनी कोर डोळ्यांना दिसते, क्षितिजाजवळची धूळ-ढग काय करतात. हिशेबाने धरायचं की डोळ्यांनी बघायचं, हा वाद त्यांच्यातही आहे, आणि ते तो फार सभ्यपणे मांडतात.

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला ग्रहण होतं. आम्ही छोट्या आरशावर मधोमध भोक पाडलेला कागद चिकटवला आणि त्यातून परावर्तित उजेड समोरच्या भिंतीवर पाडला. भिंतीवर चावा घेतलेला सूर्य उमटला. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, एक्स-रे फिल्ममधूनही नाही, आरशातही डोकवायचं नाही, हे दारातच बजावा.) त्याआधीच्या बैठकीत एका सासूबाईंनी सातव्या महिन्यातल्या सुनेबद्दल विचारलं होतं. खोली बंद, चिरायचं नाही, पाणी नाही, बाथरूमलाही जायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो.

बैठकीला आलेल्या डॉक्टरीण बाई चांगल्या. त्यांनी 'हे खोटं' असं म्हटलंच नाही. त्यांनी विचारलं, ओठ कितव्या महिन्यात तयार होतो, माहितीये? चौथ्या ते सातव्या आठवड्यात. दुसरा महिना संपण्याआधी तो जुळून झालेला असतो, म्हणजे सुनेच्या बाळाचा ओठ आता फाटायचा राहिलाच नाही. उलट इतके तास पाणी न पिणं, लघवी रोखून धरणं याने त्रास होऊ शकतो. सासूबाई म्हणाल्या, "पण मी काहीच केलं नाही आणि काही झालं, तर?" या वाक्यापाशी थांबायला शिका. तिला शरीरशास्त्र आत्ताच समजलंय. तिला आता भीती सांगायची आहे. कुणीही घाईने उत्तर देऊ नका.

उत्तर गुरुजींकडूनच आलं. पंचांगात लिहिलेलंच असतं की लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांना वेधांचे नियम सैल आहेत. सुनेने पाणी प्यावं, उठावं-बसावं, आणि सासूबाईंनी तिच्यासाठी जप करावा, असं ठरलं. डॉक्टरबाईंना जपाचं काही वावडं नव्हतं. तो विज्ञानाच्या आड येत नाही.

श्रावणातले उपास आणि मधुमेहाच्या गोळ्या, रोजे आणि इन्सुलिन, या बैठका याच धर्तीवर घेता येतात. फक्त औषधाचा डोस बैठकीत कुणी ठरवायचा नाही. ज्याने-त्याने आपल्या डॉक्टरांकडे जायचं.

बोलणं कुठे थांबवायचं

काही गोष्टींवर संवाद होत नाही, कृती करावी लागते. साप चावला की आधी सरकारी दवाखाना, नवस-मंत्र नंतर. भूत उतरवतो म्हणून मारहाण, चमत्काराच्या नावाने पैसे उकळणं, करणीच्या संशयावरून कुणाला छळणं, हे दिसलं तर 'दोन्ही बाजू ऐकू' म्हणत बसू नका. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करा. या कायद्यात दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. हा संवाद आपल्याला फुकट मिळालेला नाही, हे मला प्रत्येक बैठकीत आठवतं. आमच्यातले कीर्तनकारही हा कायदा कीर्तनात समजावून सांगतात.

आणि निवडणुकीत उभं राहणाऱ्या कुणाकडूनही सतरंज्या, चहा, बॅनर काही घेऊ नका. व्हिडिओ काढू देऊ नका. कॅमेरा लागला की गुरुजी गुरुजींसारखे आणि कार्यकर्ता कार्यकर्त्यासारखा बोलायला लागतो, आणि सासूबाई बोलतच नाहीत. नोंद हवी तर वही ठेवा: विषय, काय मोजलं, काय ठरलं, कशावर मतभेद राहिला. मतभेदाचा रकाना रिकामा राहिला तर कुणीतरी गप्प बसलं होतं असं समजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा.

लागोपाठ दोन बैठकांना एका बाजूची माणसं आली नाहीत तर तिसरी घेऊ नका. त्यांच्याकडे जा, का आला नाहीत ते विचारा, आणि पुढचा विषय त्यांनाच निवडू द्या.